मुंबईचे पहिले गणकयंत्र

दौंड जंक्शनातून गाडी मनमाडकडे जायची की सोलापूरकडे, हे रुळांच्या सांध्यावर ठरते. तिसरी गोष्ट त्या सांध्याला ठाऊकच नसते. श्रोतेहो, गणकयंत्राचा सारा कारभारही असाच दोन उत्तरांवर चालतो: शून्य किंवा एक. मात्र तेथे सांधे हजारो, आणि ते निमिषात बदलायचे. मग सांधेवाला कोण?

पहिल्या पिढीच्या यंत्रांत हे काम व्हॉल्व्ह करीत. शिरूरकडच्या एखाद्या जुन्या घरात आपण व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला असेल. खटका दाबला, की काचेच्या नळ्या तापेपर्यंत वाट पाहायची, मग कुठे आवाज यायचा. रेडिओत अशा नळ्या पाच-सहा. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे १८,०००! उष्णता किती होत असेल, याची कल्पना करा. आणि एक नळी गेली, की उत्तर चुकलेच म्हणून समजा.

आपल्याकडे हे धाडस डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केले. आर. नरसिंहन आणि काही तरुण मंडळी १९५४ च्या अखेरीस कामाला लागली. नरसिंहन सोडले, तर असले यंत्र त्यांच्यापैकी कोणी वापरलेलेसुद्धा नव्हते! तरी १९५६ साली छोटा नमुना चालू झाला आणि १९६० साली मोठे यंत्र कामाला लागले. पोलादी सांगाडा १८ फूट लांब, ८ फूट उंच. आत २,७०० व्हॉल्व्ह. स्मरणासाठी चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या, एका कडीत एकच शून्य किंवा एक. चाळीस-चाळीस अंकांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० अंक. आजच्या फोनमधले एक छायाचित्रही त्यात मावायचे नाही. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले ‘टिफ्रॅक’.

तोवर परदेशात ट्रान्झिस्टरची, म्हणजे दुसऱ्या पिढीची यंत्रे आली होती. मग हा खटाटोप फुकट गेला काय? मला तसे वाटत नाही. विकतचे यंत्र चालवायला शिकता येते. ते बिघडले का, हे ज्याने तारा जोडल्या त्याला आधी उमगते. १९६४ साली संस्थेत ट्रान्झिस्टरचे अमेरिकन सीडीसी ३६०० आले, आणि १९६५ साली टिफ्रॅक थांबले.

पुढे सगळे सांधे सिलिकॉनच्या एका चकतीवर मावू लागले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या निर्बंधांमुळे हवे तसे महासंगणक आपल्याला मिळेनात, तेव्हा १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली. तिने १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, तो आपल्याच पुण्यात.