ताशाच्या काड्या व पलटणीचा ड्रम

वऱ्हाडांत कवाइतीच्या ड्रमचा आवाज घुमला तो फौजेमुळें. १८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठींच. तिची एक छावणी एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्यास होती. १९०३ सालीं ही फौज हिंदी सैन्यांत मिळाली. पलटणीच्या पावलांना ताल देई तो साइड ड्रम. गांवांतल्या वरातीपुढें मात्र ताशा आणि डफडें वाजे.

दोन्ही वाद्यांची घडण निराळी. ताशा म्हणजे मातीचें वा तांब्याचें उथळ भांडें, त्यावर एकच ताणलेलें चामडें आणि वाजविण्यास दोन बारीक काड्या. साइड ड्रमला तोंडें दोन. खालच्या तोंडावरील तारांमुळें त्याचा आवाज खरखरीत येतो. परंतु हाताचें मर्म एकच : काडी आपटावयाची नाहीं, उसळूं द्यावयाची.

फरक पडला तो शिकविण्याच्या रीतींत. पाश्चात्यांनीं या आघातांना नांवें देऊन ते लिहून काढले. अमेरिकेंत १९३३ सालीं स्थापन झालेल्या ड्रमवादकांच्या संघानें असे २६ पाठ रूढ केले. १९८४ च्या यादींत ते ४० झाले. त्यांतला ‘पॅराडिडल’ पाहावा : उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. हे आठ आघात होतात, आणि आपल्या भजनांतल्या धुमाळीच्याही मात्रा आठच! म्हणजे पलटणीचा पाठ धुमाळीच्या एका आवर्तनांत नेमका बसतो. ताशेवाल्यानें आपला ठेका न सोडतां तो घोटावा, इतकें हें सोपें आहे.

असा मेळ बसविण्यास वऱ्हाडांत जागाही आहेत. अमरावतीस १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें. अशा आखाड्यांतून कवाईत आणि लेझीम शेजारीं नांदतात. अकोल्यास श्रावणांत राजराजेश्वराच्या कावडयात्रेपुढें ढोलताशे गर्जतात.

तथापि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. गणवेषांतल्या ड्रमवाल्यास मान मिळाला. डफडें वाजविणें मात्र अस्पृश्य मानलेल्या जातींवर लादलेलें गांवकीचें काम ठरलें. तें झुगारून अनेकांनीं वाद्य खालीं ठेवलें, हें न्याय्यच झालें. पण त्याबरोबर पिढ्यांची हस्तविद्याही लोपूं लागली. ती राखावयाची तर तिचे पाठ नांवानिशीं लिहून, जुन्या जाणत्या वादकांना गुरुजींचा मान देऊन, सर्व जातींच्या मुलांस शाळेंत शिकविले पाहिजेत. मग डफडें कोणाच्या जातीची खूण राहणार नाहीं. तबल्याप्रमाणें तीहि एक विद्या गणली जाईल.