आसगावचा प्रश्न आणि बाबासाहेबांचा दुसरा प्रयत्न

पवनी तालुक्यातल्या आसगावला मागे एका बैठकीसाठी गेलो होतो. बैठक संपली, चहा झाला आणि एक मुलगी वही घेऊन जवळ आली. नीट दोनदा देऊन झाली होती. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी मार्क वाढले, पण सरकारी कॉलेजच्या यादीला ते पुरले नाहीत. वडील धानाच्या रोवणी-कापणीच्या मजुरीवर, आई विड्या वळणारी. तिनं एवढंच विचारलं, "दादा, अजून एक ड्रॉप घेऊ का?"

मी काही बोलायच्या आत आमच्यातलाच एक कार्यकर्ता म्हणाला, "बाबासाहेबांनी हार मानली असती तर?" सगळे गप्प झाले. मुलगीही गप्प झाली. या वाक्यापुढे आपल्या समाजात कोण काय बोलणार?

पण मित्रांनो, त्या वाक्यानं मी अस्वस्थ झालो. बाबासाहेबांचं नाव घेऊन एका मजुराच्या पोरीला वर्षभराचा खर्च करायला लावायचा असेल, तर निदान बाबासाहेबांचा इतिहास पूर्ण सांगायला हवा. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर छापतात तेवढा अर्धाच सांगून भागणार नाही.

तर पूर्ण इतिहास असा आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ मार्कांनी. आजच्या मेरिटच्या भाषेत ३७ टक्क्यांच्या आसपास. ज्यांना आरक्षण म्हटलं की लगेच 'गुणवत्ता' आठवते, त्यांनी हा आकडा पाठ करून ठेवावा. त्या दिवशीच्या मार्कांवरून पुढच्या माणसाचं माप काढलं असतं, तर या देशाला राज्यघटनेच्या मसुदा समितीसाठी दुसरा अध्यक्ष शोधावा लागला असता.

१९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. त्यांच्या पुस्तकांचं सामान ज्या जहाजावर होतं ते महायुद्धात टॉर्पेडोनं बुडालं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. निघण्यापूर्वी त्यांनी काय केलं, ते मात्र फार कुणी सांगत नाही. त्यांनी विद्यापीठाकडून लेखी सवलत मिळवली की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. म्हणजे दार बंद होण्याआधी दारात पाय अडकवून ठेवला, आणि मुदतही माहीत करून घेतली.

मग मधली तीन वर्षं ते घरी बसून राहिले का? नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले आणि पगारातून पैसे बाजूला टाकत गेले. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' काढलं, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, आणि १९२० च्या जुलैत पुन्हा लंडनला निघाले. दुसरा प्रयत्न जिद्दीचा होता यात शंका नाही. पण त्यामागे हिशोब होता, साठवलेला पगार होता, मित्राचं कर्ज होतं आणि विद्यापीठाचा कागद होता. आपण भाषणात जिद्द सांगतो आणि हिशोब गाळतो.

यापुढचा भाग तर प्रत्येक रिपीटर पोरानं वाचावा असा आहे. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी सादर केला. मार्च १९२३ मध्ये तो परत आला. परीक्षकांना तो मान्य नव्हता, पुन्हा लिहा म्हणाले. आजच्या भाषेत सांगायचं तर लंडन विद्यापीठात बाबासाहेबांना 'रिपीट' लागला. ब्रिटिश सरकारच्या चलन धोरणावर एका हिंदी विद्यार्थ्यानं इतकी कडक टीका करावी, हे काहींना रुचलं नव्हतं.

जवळचे पैसे संपले होते. ते लंडनमध्ये थांबले नाहीत. एप्रिलमध्ये मुंबईला आले, वकिली सुरू केली, आणि संसार ओढत ओढत इथूनच प्रबंध पुन्हा लिहिला. निष्कर्ष बदलले नाहीत, मांडणी सुधारली. पाठवला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्याच वर्षी पुस्तकही आलं. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, तीही बाबासाहेबांच्या काही मतांशी आपलं जमत नाही असं सांगत.

म्हणजे ज्याला आज पोरं ड्रॉप म्हणतात, तसा ड्रॉप बाबासाहेबांनी घेतलाच नव्हता. दुसरा प्रयत्न चालू असताना पोटाची सोय चालू होती. आणि नेमकं काय दुरुस्त करायचं ते त्यांना माहीत होतं. नीटचा निकाल इतकं नेमकं सांगत नाही. ७२० पैकी एक आकडा आणि विषयवार पर्सेंटाइल हातात येतात, बाकीचं तुमचं तुम्हीच शोधा. म्हणून त्या मुलीला माझा पहिला प्रश्न होता की दोन्ही वर्षांचे पेपर घेऊन बसलीस का? फिजिक्समध्ये गेले की वेळेत गेले? तिनं वही उघडली. केमिस्ट्री आणि बायोलॉजी दोन्ही वर्षी बरी होती, घसरगुंडी सगळी फिजिक्सची. म्हणजे तिच्या प्रबंधावर परीक्षकाचा शेरा होता, फक्त तो कुणी तिला वाचून दाखवला नव्हता.

आता दुसरी बाजू. मेडिकलची जागा या देशात कधीही निव्वळ मार्कांचा विषय नव्हती. मद्रास प्रांतात कम्युनल जी.ओ. होता. दर १४ जागांतल्या ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागासांना, २ ब्राह्मणांना, २ 'हरिजनां'ना, आणि एकेक ख्रिश्चन-अँग्लोइंडियन व मुस्लिमांना. त्याविरुद्ध चंपकम दोराईराजन कोर्टात गेल्या. गंमत अशी की त्यांनी मेडिकल कॉलेजला अर्जच केलेला नव्हता. तरी ९ एप्रिल १९५१ ला सुप्रीम कोर्टानं तो जी.ओ. रद्द केला. त्यानंतर पहिली घटनादुरुस्ती झाली, कलम १५(४) आलं. तेव्हा कायदामंत्री कोण होते ते सांगायला नको. आज आपली पोरं ज्या जागेवर दावा सांगतात, ती एका न भरलेल्या अर्जापासून सुरू झालेल्या लढाईत वाचली आहे.

पुढे परीक्षा बदलत गेल्या. २०१३ मध्ये नीट पहिल्यांदा झाली, त्याच जुलैत सुप्रीम कोर्टानं रद्द केली, आणि २०१६ मध्ये आपलाच निकाल मागे घेऊन पुन्हा आणली. स्टेट बोर्डाच्या पुस्तकावर बारावी करणारं खेड्यातलं पोर एका रात्रीत सीबीएसई धर्तीच्या पेपरपुढे उभं राहिलं. तामिळनाडूत अरियालूर जिल्ह्यातल्या अनितानं बारावीला १२०० पैकी ११७६ मार्क काढले होते, नीटला तिला ७२० पैकी ८६ पडले. १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला. ती दलित मजुराची मुलगी होती. त्या राज्यानं नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ मध्ये दाखवून दिलं की नीट आल्यानंतर मेडिकलला लागणाऱ्यांत रिपीटरांचं प्रमाण वाढत वाढत सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. याचा सरळ अर्थ असा की पहिल्याच वर्षी लागणं आता अपवाद होत चाललंय, आणि एक-दोन वर्षं पोर बिनकमाईचं पोसू शकणाऱ्या घरालाच ही परीक्षा परवडते. हा गुणवत्तेवर लावलेला भाडेकरच आहे म्हणा ना.

आणि तो कर आपल्याला दुप्पट बसतो. भारत सरकार शिष्यवृत्ती कुठेतरी प्रवेश घेतलेल्यालाच मिळते. ड्रॉप घेतला की पोर सरकारी कागदावर विद्यार्थीच उरत नाही. शिष्यवृत्ती नाही, वसतिगृहाचा हक्कही अडचणीत. क्लासची फी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे सगळे घरातून. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना भांडून जी शिष्यवृत्ती सुरू करून घेतली, तिच्या कक्षेबाहेर आपण स्वतःहून जातो. म्हणून मी सांगतो, जमत असेल तर जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव टाका आणि अभ्यास करा. मधेच कोर्स बदलला तर शिष्यवृत्तीचं काय होईल, हे आधी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये काढताना बाबासाहेबांनी वर्ग सकाळी ठेवले, ते कशासाठी? नोकरी करणाऱ्या पोरानं शिक्षण की पोट असा प्रश्न विचारू नये म्हणून.

२०२४ ची गोष्ट तर ताजीच आहे. ५ मेची परीक्षा, ६७ जणांना पैकीच्या पैकी, पेपरफुटीच्या तक्रारी. ज्या १५६३ जणांना ग्रेस मार्क दिले होते, त्यांचे ते मार्क काढून घेतले आणि विचारलं की फेरपरीक्षा देता की मूळ मार्क ठेवता? ठरवायला दहा दिवस. २३ जूनला त्यातले ८१३ जण बसले, बाकीचे बसलेच नाहीत. न बसणारे भित्रे होते असं म्हणायची माझी हिंमत नाही.

भंडारा जिल्ह्यात बसून हे लिहिताना आणखी एक दुसरा प्रयत्न आठवतो. १९५२ ला उत्तर मुंबईत बाबासाहेब लोकसभेला पडले. १९५४ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला तो याच भंडाऱ्यातून, पोटनिवडणुकीत. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून साधारण आठ हजार मतांनी पराभव झाला. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरचा माणूसही सवर्णांच्या मतांवरच निवडून येतो, हे ते पुणे करारापासून सांगत होते. भंडाऱ्यानं ते त्यांच्याच बाबतीत दाखवून दिलं. लोकसभेची निवडणूक ते पुन्हा लढले नाहीत. अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथून जवळच नागपूरला त्यांनी काय केलं ते जगाला माहीत आहे. लंडनचा पेपर त्यांनी पुन्हा दिला, भंडाऱ्याचा तिसऱ्यांदा दिला नाही. दोन्ही बाबासाहेबच.

त्या मुलीला मी हो किंवा नाही सांगितलं नाही. २०२२ पासून नीटला वयाची वरची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही, हे सांगितलं. म्हणजे हेच वर्ष शेवटचं, असं तिला क्लासच्या फोनवरून जे ऐकवलं जात होतं ते खोटं होतं. २०२४ पासून भंडाऱ्यातच शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गोंदियाला, चंद्रपूरला, गडचिरोलीला आहे, हेही सांगितलं. मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. फिजिक्सला कोण शिकवेल, किती पैसे, कुणाचे, आणि कोणत्या तारखेला थांबायचं. पैशाच्या रकान्यात आईच्या विड्यांची मजुरी लिहिताना तिचा हात थांबला. आमच्या त्या कार्यकर्त्यानं खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीखाली आपलं नाव लिहून पुढे महिन्याचा आकडा टाकला. मग मीही टाकला. वस्तीतल्या आणखी चौघांची नावं रात्री निघायच्या आत आली.