श्वान पेशी: सोबतीणीला वेगळं करण्याची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण हॅरिसनपर्यंत आलो होतो. 1907 साली त्याने बेडकाच्या भ्रूणातले चेतातंतू लसिकेच्या थेंबात वाढताना दाखवले. तेव्हापासून सगळ्यांची नजर राहिली ती चेतापेशीवर. तिला बिलगून असणारी श्वान पेशी (कुत्र्याशी संबंध नाही बरं का, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं हे नाव!) म्हणजे नुसतं वेष्टण, असाच बराच काळ समज होता.

1955 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या इडिथ पीटरसन आणि मार्गारेट मरे यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या गुच्छिका, म्हणजे कण्यालगतचे चेतापेशींचे पुंजके, शरीराबाहेर वाढवले. तिथे तंतूंभोवती मायलिनचं आवरण चढताना दिसलं. पण हे काम एकट्या श्वान पेशीचं, असं सिद्ध कसं करायचं? बशीत तिघी-चौघी एकत्र नांदत होत्या. त्यात फायब्रोब्लास्ट म्हणजे तर गाजरगवतच; बघता बघता सगळी बशी व्यापणार.

ही गुंतागुंत सोडवली पॅट्रिक वुड यांनी, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, रिचर्ड आणि मेरी बंज यांच्या प्रयोगशाळेत. उंदराच्या गर्भातल्या गुच्छिका घ्यायच्या. विभाजन पावणाऱ्या पेशींना मारणारं फ्लुओरोडीऑक्सियुरिडीन द्यायचं, मध्ये थांबायचं, पुन्हा द्यायचं. फायब्रोब्लास्ट संपतात, वाचलेल्या मोजक्या श्वान पेशी तंतूंच्या आधाराने परत वाढतात. मग मधली गुच्छिकाच कापून काढायची. तंतू मरतात, मागे उरतात त्या श्वान पेशी.

आणि इथे आम्हाला खरी मजा वाटते. एकट्या पडलेल्या या पेशी विभागायच्या जवळजवळ थांबतात. शेजारी नवी गुच्छिका ठेवली, तिचे तंतू येऊन भिडले, की पुन्हा सुरू! वुड आणि बंज यांनी 1975 मध्ये हे मांडलं. म्हणजे नातं एकतर्फी नव्हतं. वाढीचा हुकूम तंतूकडून येत होता.

1979 मध्ये ब्रॉक्स, फील्ड्स आणि रॅफ यांनी नवजात उंदरांच्या मांडीतल्या चेतेपासून, प्रतिपिंडांच्या मदतीने, भरपूर पेशी मिळवल्या. ते तंत्र अधिक सोपं, म्हणून तेच जास्त रुळलं.

बंज दांपत्य 1989 मध्ये मायामीला गेलं. डोळ्यांसमोर पाठीचा कणा दुखावलेले रुग्ण होते. रुग्णाच्याच पायातल्या चेतेतून पेशी वाढवून मज्जारज्जूत सोडण्याच्या तिथल्या एका चाचणीचा, सहा जणांचा, अहवाल 2017 मध्ये आला. पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही, एवढंच तिला तपासायचं होतं. कुणी चालायला लागलं, असा अर्थ कृपया काढू नका. रिचर्ड बंज 1996 मध्येच गेले होते. मेरी बंज यांनी मात्र हे पाहिलं.

आता प्रश्न घेऊया.