मागेल त्यालाच परवाना

१८ ऑक्टोबर १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसने स्वच्छ पाण्याचा कायदा मंजूर केला. प्रदूषण नेमके कुठून निघते याची यादीच त्या कायद्यात दिली आहे: नळ, चर, बोगदा, विहीर आणि त्यांच्याच जोडीला शेकड्याने जनावरे कोंडून पोसणारा मोठा गोठा. कारखान्याची मोरी आणि असा गोठा कायद्याने एका रांगेत बसवले. नदीत घाण सोडायची तर परवाना हवा. शेतीला बहुतेक नियमांतून सूट देणाऱ्या त्या देशात हे धाडसाचे पाऊल होते.

१९७६ मध्ये ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेने नियम केले. मांसासाठीची १००० गुरे, ७०० दुभत्या गाई किंवा २५०० मोठी डुकरे असली, की गोठा मोठा ठरे. पण नियमातच फट राहिली. पंचवीस वर्षांत एखाद्या वेळी येणारा चोवीस तासांचा धुवाधार पाऊस झाला तरच ज्याचे पाणी बाहेर जाते, त्याला परवाना लागत नसे. आपले पाणी एरवी बाहेर जात नाही, हे सांगणारा मात्र बहुधा गोठेवालाच.

या फटीची किंमत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्व भागाने मोजली. हा किनाऱ्यालगतचा सखल, वाळवट मुलूख, भूजल हाताशी. तंबाखूला उतरती कळा लागली तसे इथले शेतकरी डुकरांकडे वळले. रोझ हिल गावचे वेंडेल मर्फी यांनी करारावर वराहपालनाचा धंदा उभा केला. डुकरे आणि खाद्य कंपनीचे, गोठा आणि कर्ज शेतकऱ्याचे. मैलाही शेतकऱ्याचाच. मर्फी १९८३ ते १९९२ राज्याच्या विधिमंडळात होते, आणि याच काळात या धंद्याला अनुकूल कायदे तिथे झाले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस राज्यात पंचवीस-सव्वीस लाख डुकरे होती. १९९७ पर्यंत ती एक कोटीच्या घरात गेली.

गोठ्याची फरशी फटींची असते. मलमूत्र खाली पडते, पाण्याच्या झोताने वाहत बाहेरच्या उघड्या तळ्यात जाते. तळ्यातले जिवाणू वाढले की पाणी गुलाबी दिसते. तळे भरत आले की तेच पाणी पंपाने शेजारच्या गवताच्या रानावर फवारतात. गवताने नत्र शोषले तर ठीक. पाऊस लागून राहिला, जमीन भिजलेली असली, तर ते ओढ्याला मिळते. वारा फिरला की तुषार शेजाऱ्यांच्या घरावर येतात. इथल्या डुप्लिन आणि सॅम्पसन काउंटीत हे शेजारी बऱ्याच ठिकाणी कृष्णवर्णीय कुटुंबे आहेत, गोठे येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणारी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ स्टीव्ह विंग यांनी त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे शास्त्रीय पद्धतीने नोंदवल्या. परवान्याचा प्रश्न कागदाचा वाटत असेल, तर तो या अंगणांत जाऊन समजून घ्यावा लागतो.

फेब्रुवारी १९९५ मध्ये रॅली शहरातल्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ वृत्तपत्राने या धंद्यावर लेखमाला छापली, पुढच्या वर्षी तिला लोकसेवेचे पुलित्झर मिळाले. दरम्यान २१ जून १९९५ रोजी रिचलँड्सजवळच्या ओशनव्ह्यू फार्मच्या तळ्याचा बांध फुटला. सुमारे अडीच कोटी गॅलन मैला शेते तुडवत न्यू नदीत शिरला. एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून सांडलेल्या तेलाच्या दुपटीहून अधिक हे आकारमान. हजारो मासे मेले. १९९७ मध्ये राज्याने नव्या तळ्यांवर बंदी आणली आणि २००७ मध्ये ती कायम केली. जुनी तळी मात्र राहिली.

केंद्राने २००३ मध्ये फट बुजवू पाहिली: प्रत्येक मोठ्या गोठ्याने परवाना मागायचाच. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने हा नियम उडवला. घाण प्रत्यक्ष सोडली तरच कायदा लागू होतो, नुसत्या शक्यतेवर नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात एक चांगली गोष्टही होती: मैला कुठे, किती पसरायचा याचा आराखडा परवान्याचा भाग असावा आणि तो लोकांना पाहता यावा. ईपीएने २००८ मध्ये सौम्य शब्दांत पुन्हा नियम केला, तोही २०११ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयात टिकला नाही. जो पाणी सोडतो त्यानेच परवाना मागावा, आणि सोडतो हे सिद्ध करायला कोणीतरी पावसात ओढ्याकाठी उभे राहावे, अशी ही व्यवस्था. ते काम बहुतेक वेळा पदरमोड करणाऱ्या नदीरक्षक संघटनांनी आणि गावकऱ्यांनी केले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स वादळात नॉर्थ कॅरोलायनातली डझनावारी तळी ओसंडली.

आज देशात असे २० हजारांहून अधिक मोठे गोठे आहेत आणि केंद्रीय कायद्याखालचा परवाना त्यांतल्या एक तृतीयांशाहून कमी गोठ्यांकडे आहे. २०१७ मध्ये नागरिक संघटनांनी ईपीएकडे अर्ज केला: मोठा गोठा पाणी सोडतोच असे गृहीत धरावे, आणि सोडत नसल्याचा पुरावा मालकाने द्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये ईपीएने तो फेटाळला आणि आधी अभ्यास करू असे सांगितले.