ट्रॉलीला शाकारणी नाही

बोटीची ट्रॉली दुरुस्तीला आली, की मी आधी हातोडी उचलतो. चांगला पाईप खणकन वाजतो, आतून गेलेला बद्द. या मे महिन्यात नागावच्या किनाऱ्यावरून आलेल्या ट्रॉलीचा डावा पाईप असाच बद्द वाजला. वरून निळा ऑइलपेंट झकास. जरा जोरात ठोकलं, तर हातोडी थेट आत गेली आणि लाल पापुद्र्यांबरोबर मूठभर वाळू खाली सांडली.

मालक म्हणाला, "दादा, लोखंड हाय ना? दोन वर्षांत एवढं कसं खाल्लं?"

मला बाबांचा भाता आठवला. बाबा लोहारकाम करायचे. कोयते, विळे, पहारी असायच्याच. शिवाय कोळीवाड्याचं काम यायचं. होडीचे खिळे, सुकाणूच्या बिजागऱ्या, नांगराचे वाकलेले दात. पण होडी किनाऱ्यावर ओढण्याचं साधन त्यांच्याकडे कधी दुरुस्तीला आलं नाही. येणार कसं? ते साधन म्हणजे गोल ओंडके, जाड दोर, एखादी कप्पी आणि सगळा गाव.

मृगाच्या आधी उधाणाची भरती साधायची, पाणी आणील तेवढी होडी वर घ्यायची. पुढे ओंडके टाकायचे, त्यांना तेलकट काहीतरी चोपडायचं आणि एका सुरात दोर ओढायचा. मागचा ओंडका सुटला की तो उचलून नाळेपुढे नेऊन टाकायचा, हे आम्हा पोरांचं काम. होडी जागेवर आली की टेकू लावायचे आणि माडाच्या झापांनी ती शाकारायची. घरासारखीच. मग त्या झापांखाली पावसाळाभर दुरुस्ती चाले. फटींत कापूस ठासायचा, लाकडाला तेल पाजायचं, सैल झालेला खिळा काढून नवा मारायचा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाई, ती ठणठणीत होऊनच. आज १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी मासेमारी बंदी आहे; पण त्याआधीही हे विश्रांतीचे दिवस पावसानं ठरवून दिलेलेच होते.

आता गंमत बघा. तो खिळा लोखंडाचाच आणि समुद्र हाच. तरी खिळा वर्षानुवर्षं टिके, कारण तो सागाच्या पोटात असायचा. सागात मुळातच तेल असतं; ते लाकडाला पाणी पिऊ देत नाही आणि आतल्या लोखंडालाही जपतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. समोरच्या कुलाबा किल्ल्याच्या आसऱ्यानं कान्होजी आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं समुद्रावर हुकमत गाजवत होती, तीही लाकडाचीच. या किनाऱ्याची जुनी रीत म्हणजे लोखंड लाकडात आणि लाकूड पाण्यात.

त्याच किल्ल्यावर उत्तरेकडच्या तटाशी दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याच्या. त्यांचे चाकांचे गाडेही लोखंडी. खाऱ्या वाऱ्यात उभे आहेत, पण शाबूत आहेत. एक तर ते जाडजूड आहेत, आणि दुसरं म्हणजे त्यांना रोज कोणी समुद्रात बुडवत नाही.

ट्रॉलीचं नेमकं उलटं. पर्यटक वाढले, फायबरच्या स्पीडबोटी आल्या. त्या ओढायला गाव कुठून गोळा करणार? मग जुन्या जीपचा एक्सल, त्यावर चौकोनी पाईपची चौकट, आणि पुढे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर मागे रेटत ट्रॉली पार पाण्यात घालतो, बोट तरंगली की बाहेर काढतो. दिवसातून कितीदा तरी भिजायचं आणि उन्हात तापायचं. सतत पाण्याखाली राहणाऱ्या लोखंडापेक्षा हे ओलं-कोरडं लोखंड लवकर मरतं. त्यात चौकोनी पाईपमध्ये बारीकशा भोकातून खारं पाणी शिरतं ते बाहेर येत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. पाईप फुगतो आणि शिवणीवर फाटतो. वरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो.

मालकाला वरून पत्रा मारून हवा होता. मी नाही म्हटलं. सडक्या पाईपवर वेल्डिंग धरत नाही, भोक मोठं होतं. ग्राइंडरनं चकचकीत, जाड धातू लागेपर्यंत मागे कापत गेलो. हातभर वाटलं होतं, अडीच हात निघालं. त्या जागी सी चॅनेल घातला, तोंड बाहेरच्या बाजूला. त्याला पोटच नाही, त्यामुळे पाणी साठत नाही आणि गंज दिसतो तरी. उजव्या पाईपला खालून पाणी निघायला भोकं पाडली. एक्सलचे पाटे सोडवून घासले, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले.

"पावसाळ्यात ही कुठे असते?" मी विचारलं.

"असते तिकडंच, वाळूत. मर्यादवेलीत."

"आणि बोट?"

"बोटीला ताडपत्री बांधतो की!"

इथेच सगळं आलं. ओंडका म्हातारा झाला की चुलीत जायचा, त्याची काळजी घ्यायची कोणाला सवयच नव्हती. गावाच्या खांद्यावरचं काम आम्ही लोखंडाच्या अंगावर टाकलं आणि त्याला मात्र ओंडकाच समजत राहिलो.

बिलाच्या मागे मी त्याला पेन्सिलीनं लिहून दिलं: रोज गोड्या पाण्यानं धुणे. जूनमध्ये चाकं काढून विटांवर ठेवणे. वर झाप.