वॉटसनचे हॉटेल

काळ्या घोड्याजवळून कोर्टाकडे जाताना आपल्यापैकी अनेकांनी एक जुनाट, काळवंडलेली इमारत पाहिली असेल. तिचे नाव एस्प्लनेड मॅन्शन. मूळचे वॉटसनचे हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. किल्ल्याचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला, मोकळ्या जागेवर नवी मुंबई उभी राहू लागली आणि त्याच सुमारास वॉटसनने हे बांधकाम काढले. १८६७ ते १८६९ या काळात ते झाले.

शेजारचे हायकोर्ट, विद्यापीठ पाहा. तेथे दगडी भिंत भार पेलते. वॉटसनच्या इमारतीत भिंत भार पेलत नाही. ती केवळ आडोसा आहे. सारा भार बिडाच्या खांबांवर आणि लोखंडी तुळयांवर. हा सांगाडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियराने आखला, डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत तो ओतला-घडवला गेला आणि सुटे भाग जहाजाने मुंबईस आले. येथे फक्त जोडणी. विटा, सिमेंटसुद्धा विलायतेचे! शिकागोची होम इन्शुरन्स इमारत, जिला गगनचुंबी इमारतींची आद्य म्हणतात, ती १८८५ सालची. म्हणजे भिंतीऐवजी सांगाड्यावर भार घेण्याची युक्ती आमच्या मुंबईत तिच्याही आधी उभी होती. ऑर्डिशचे नाव इतिहासाने ठेवले. भट्टीपुढे घाम गाळणारे ओतारी, परांचीवर चढून तुळया जुळवणारे येथील कामकरी यांची नावे मात्र कोठे नाहीत.

हॉटेलात गोऱ्यांनाच प्रवेश होता. ७ जुलै १८९६ रोजी येथेच ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली. आमच्या दिंडोशीशेजारच्या चित्रनगरीत राबणाऱ्या कामगारांनी हे ध्यानी घ्यावे: त्यांच्या धंद्याचा पहिला खेळ अशा जागी झाला, जेथे त्यांना कोणी आत घेतले नसते. पुढे १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले, वॉटसनचा दिमाख उतरला, खोल्यांची कार्यालये झाली. समोर सत्र न्यायालय असल्याने वकील येथे दाटीवाटीने बसू लागले.

बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. पाणी मुरले की गंजते. मालक-भाडेकरूंच्या वादात डागडुजी रखडली. २००५ साली सज्जांचा काही भाग कोसळला, एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करविण्यात आली. आय.आय.टी.च्या अहवालाने ती पाडावी असे सुचवले. दुरुस्ती शक्य आहे, असे जतन करणाऱ्या तज्ज्ञांचे म्हणणे पडले.

आम्ही दुरुस्तीच्या बाजूचे. सांगाडा जोडून उभा केला असल्याने त्याचे गंजलेले भाग तपासून एकेक बदलता येतात. त्यासाठी आधी परांची, मग चांगला जोडारी आणि बीड ओतणारी भट्टी हवी. ही माणसे आजही या शहरात आहेत.