पात्स्क्वारोच्या काठचे जागरण

मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर पसरलेल्या पात्स्क्वारो सरोवराच्या धक्क्यावर, १ नोव्हेंबरच्या सायंकाळी देशोदेशींच्या प्रवाशांचे जथे आपापल्या वाटाड्यामागून उतरतात, नावांत बसतात, आणि हानित्सिओ बेटाच्या उभ्या पायऱ्या चढून तेथील लहानशा दफनभूमीपाशी येऊन थबकतात. झेंडूने मढविलेल्या थडग्यांशेजारी, डोक्यावरून शेला लपेटून, मेणबत्त्यांच्या उजेडात, त्या सरोवराकाठच्या मूळनिवासी पुरेपेचा समाजातील स्त्रिया बसलेल्या असतात. समोर भरतकामाच्या रुमालावर पाव, फळे आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ मांडलेले असतात, आणि चर्चची घंटा रात्रीतून पुनःपुन्हा वाजत असते. लहान वयात गेलेल्यांचे जागरण त्याच दिवशी सकाळी होऊन गेलेले असते. ही रात्र थोरांची. घरच्या मृताला वर्षातून एकदा माघारी बोलवावे आणि त्याच्या सोबतीला बसावे, एवढ्याच हेतूच्या या वहिवाटीत परक्यांचे जथे कसे येऊन मिसळले, हा प्रश्न मला त्या दीपोत्सवाच्या वर्णनाहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

या प्रथेचे मूळ केवळ मूळनिवासी नाहुआ लोकांच्या प्राचीन धर्मात शोधणारे आणि केवळ स्पेनच्या ख्रिस्ती आचारात शोधणारे, असे दोन पक्ष आहेत; माझ्या मते दोघांनाही निम्मेच सापडते. सर्व मृतात्म्यांचा २ नोव्हेंबरचा दिवस दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात फ्रान्समधील क्ल्युनीच्या मठाने रूढ केला आणि स्पॅनिश अंमलाबरोबर तो मेक्सिकोत आला. परंतु तेथे आधीपासूनच बालमृतांचा एक आणि प्रौढ मृतांचा एक, असे दोन सण प्रचलित होते. सोळाव्या शतकातील डोमिनिकन धर्मोपदेशक दिएगो दुरान यांनी लिहून ठेवले आहे, की नवख्रिस्ती प्रजा एका दिवशी मुलांसाठी आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी नैवेद्य ठेवते, आणि जुनाच सण नव्या तारखांच्या आडोशाने चालू असावा असा संशय येतो. आज आपल्याला जे सातत्य मोलाचे वाटते, त्याची साक्ष अशी त्याला दोष देणाऱ्याच्याच लेखणीतून उतरली आहे.

या नैवेद्यातील दोन वस्तूंपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो मूळचा मेक्सिकोचा. नाहुआ भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फूल', म्हणजे अनेक पाकळ्यांचे, असा होतो, आणि त्याच्या पाकळ्या अंथरून मृतात्म्याला घरची वाट दाखवितात. उलट, साखरेच्या ज्या पाकापासून तेथे मृतांच्या सणाची चित्रे घडवितात, त्याचे स्पॅनिश नाव 'आल्फेन्यीके' हे अरबीतून, अरबी फारसीतून आणि फारसी संस्कृत 'फाणित' या शब्दातून आलेले आहे. फूल तिकडून आले आणि शब्द इकडून गेला. अठराव्या शतकात फ्रान्सिस्को दे आहोफ्रिन या कापुचिन साधूने मेक्सिको शहरात अशा साखरेच्या शवपेट्या विकताना पाहिल्या होत्या. म्हणजे बाजार या सणाला अलीकडेच चिकटला, हा आक्षेपही पुरता खरा नाही.

खरे स्थित्यंतर १९१० च्या क्रांतीनंतर घडले. नव्या राज्यकर्त्यांना आपल्या राष्ट्राची ओळख स्पेनच्या वारशापेक्षा खेड्यापाड्यांतल्या मूळनिवासी जीवनात शोधावयाची होती, आणि चित्रकार, लेखक, सरकारी अधिकारी सारेच तिकडे वळले. होसे ग्वादालुपे पोसादा यांनी कोरलेल्या टोपीवाल्या सांगाड्याच्या मुखवट्याला दिएगो रिव्हेरा यांनी १९४७ च्या भित्तिचित्रात पूर्ण देह आणि पोशाख दिला, आणि 'कात्रीना' साऱ्या सणाचे चिन्ह होऊन बसली. (याच रिव्हेरांनी, मेक्सिकोत शेतीशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांनाही आपल्या भित्तिचित्रात चितारले, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.) मिचोआकानचे गव्हर्नर आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लासारो कार्देनास यांच्या प्रोत्साहनाने हानित्सिओच्या माथ्यावर स्वातंत्र्यलढ्याचे नेते मोरेलोस यांचा सुमारे ४० मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, त्याच सुमारास बेटाच्या नावाचा बोलपटही निघाला, आणि १९३६ मध्ये अमेरिकेच्या सीमेपासून राजधानीपर्यंतचा राजमार्ग खुला होताच उत्तरेकडील प्रवाशांना मेक्सिकोचा मुलूख मोटारीने गाठणे सुलभ झाले.

तरीही जथ्यांचा ओघ वाढला तो १९७० च्या दशकात, प्रांताच्या पर्यटन खात्याने सरोवराकाठच्या निवडक गावांतील जागरणांची जाहिरात आरंभिली तेव्हा. पुरेपेचांच्या जुन्या राजधानीचे गाव त्सिन्त्सुन्त्सान हे त्यांपैकी एक. तेथे दफनभूमीत घरच्यांपेक्षा पाहुणेच अधिक दिसावेत, इतकी गर्दी पुढे होऊ लागली. मला यात एका विलक्षण विसंगतीचे दुःख वाटते. ३१ ऑक्टोबरला नावांतून लांब भाले फेकून बदके मारण्याचा आणि त्यांचे मांस नैवेद्यात वाढण्याचा आचार ज्या सरोवरावर होता, ते आटत व गढूळ होत गेले, बदके दुर्मीळ झाली, आणि त्या आचाराला वाचविण्याइतकी तळमळ कोणत्याही जाहिरातीने दाखविली नाही; जागरणाची मात्र ख्याती वाढत राहिली. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेचा गौरव केला आणि २००८ मध्ये तिला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. राजधानीत तर २०१५ च्या एका इंग्रजी हेरपटासाठी कल्पनेने रचलेली मिरवणूक पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, प्रत्यक्ष रस्त्यावर उतरली, आणि तेव्हापासून ती दरवर्षीचा रिवाज झाली.

अशा मिरवणुकीला बनावट म्हणून झिडकारावे असे मला वाटत नाही; नगरवासीयांनी ती आपलीशी केली आहे, आणि दुरानच्या काळापासून हा सण उसन्या वस्त्रांतच वाढला आहे. परंतु दफनभूमीची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे बसलेली स्त्री कोणासाठीही भूमिका वठवीत नसते. म्हणूनच काही विचारी वाटाडे आता हानित्सिओ टाळून आरोकुतिनसारख्या लहान गावी थोडीच माणसे नेतात, थडग्यांमधून चालताना आवाज उतरवावयास सांगतात आणि विचारल्यावाचून छायाचित्र काढू देत नाहीत.

पहाटे थंडी वाढते आणि परतीच्या नावा पात्स्क्वारोच्या धक्क्याकडे निघून जातात. मग मागे राहिलेली कुटुंबे मेणबत्त्यांची थोटके गोळा करतात, रुमालांच्या घड्या घालतात, आणि रात्रभर मृतांपुढे ठेवलेला पाव व फळे टोपल्यांत भरून, वाटेत शेजाऱ्यांना त्यातले काही देत-घेत, पायऱ्यांनी आपापल्या घरी जातात.